काटी ते सूप: हरणांच्या शिंगांवर वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी शिंगांवरची आहेत, आणि त्यातही कोवळ्या नरांच्या शिंगांवरची. म्हणून सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. चार शब्द सारखे येतील, ते आधी सांगून ठेवतो. कवटीच्या हाडातून वर येणारा आणि जन्मभर टिकणारा बुंधा म्हणजे खुंट. खुंटावर उगवतं आणि गळून पडतं ते शिंग. वाढत्या शिंगावरची केसाळ, रक्तानं भरलेली कातडी म्हणजे मखमल. शिंगाचं प्रत्येक टोक म्हणजे फाटा; एकच सरळ टोक असेल तर ती बिनफाट्याची काटी.

प्रश्न (डेन्व्हर, कोलोरॅडो): सप्टेंबरमध्ये आम्ही एस्टेस पार्कला एल्क पाहायला गेलो होतो. एका दांडग्या नराला दोन्हीकडे सहा-सहा फाटे होते. कळपाच्या कडेला मात्र दोन नर असे होते, की डोक्यावर नुसत्या दोन काठ्या खोचल्यासारख्या दिसत होत्या. ते आजारी होते की वेगळ्या जातीचे?

उत्तर: आजारी नव्हते आणि वेगळ्या जातीचेही नव्हते. ते आदल्या वर्षीच्या मे-जूनमध्ये जन्मलेले, सव्वा वर्षाचे नर. तिकडे त्यांना ‘स्पाइक’ म्हणतात. आपण काटीवाले म्हणू. एल्क हे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण, आणि त्याच्या बहुतेक नरांची पहिली शिंगं अशीच येतात: बिनफाट्याची, साधारण २५ ते ६० सेंटिमीटर लांब.

एल्कचं वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या कपाळावर काही दिसत नाही. पण जिथं पुढे खुंट यायचे, त्या दोन जागी हाडावरच्या पातळ आवरणात सगळा बेत आखलेला असतो. हा बेत किती पक्का आहे ते पाहण्यासाठी १९७०-८०च्या दशकांत संशोधकांनी हरणांच्या कपाळावरचं हे आवरण काढून त्याच जनावराच्या पायावर, कातडीखाली बसवलं. शिंग पायावर उगवलं.

हा बेत कधी अमलात येतो, हे वयापेक्षा वजनावर जास्त ठरतं. वासराचं अंग पुरेसं भरलं की टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक पाझरू लागतं आणि खुंट वर येतात. खाऊन-पिऊन असलेल्या वासराचे खुंट लवकर येतात, उपाशीपोटी हिवाळा काढलेल्याचे उशिरा. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणात हे फार लवकर घडतं. चार-पाच महिन्यांच्या नर पाडसाच्या कपाळावर हात फिरवला तर कातडीखाली शर्टाच्या बटणाएवढे उंचवटे लागतात. एल्कचं वासरू मात्र पहिला हिवाळा ओलांडून मगच खरं कामाला लागतं.

मोठा नर मार्चच्या आसपास जुनी शिंगं टाकतो आणि लगेच नवी सुरू करतो. त्याचे खुंट तयार असतात, त्यामुळे ऑगस्टपर्यंतचे जवळजवळ पाच महिने त्याला मिळतात, आणि भर उन्हाळ्यात त्याचं शिंग दिवसाला अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतं. सव्वा वर्षाच्या पोराला आधी खुंट बांधायचे असतात, मग शिंग, आणि मुदत संपते दोघांचीही ऑगस्टमध्येच. शिवाय त्याचा स्वतःचा सांगाडा अजून वाढतोय. पोटात जाणारं प्रथिन आणि चुना (कॅल्शियम) आधी पायांच्या, पाठीच्या हाडांकडे जातो. घरखर्च भागून जे उरेल, त्यातून शिंग. पहिल्या वर्षी उरतं तेवढ्यात काटीच होते.

पुढच्या वर्षी त्याच नराला बारीक, हडकुळ्या शिंगांवर चार-पाच फाटे येतात. सहा-सहा फाट्यांची भरदार जोडी साधारण चार वर्षांनंतर. तुम्ही पाहिलेला दांडगा नर त्या वयाच्या पुढचाच असणार.

पुढच्या खेपेसाठी एक सूचना. सप्टेंबर हा माजाचा हंगाम. मोठा नर काटीवाल्यांना माद्यांजवळ फिरकू देत नाही, आणि हाकललेलं पोर कुठल्या बाजूला धावेल याचा नेम नसतो. मोठ्या नराकडे सगळ्यांचं लक्ष असतं. अंगावर येतो तो हा हाकललेला काटीवाला. एस्टेस पार्कला लागून असलेल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानाचा नियम एल्कपासून ७५ फूट, म्हणजे सुमारे २३ मीटर अंतराचा आहे. मूस, म्हणजे पसरट शिंगांचं सर्वांत मोठं हरीण, असेल तर १२० फूट.

प्रश्न (नागपूर): मे महिन्यात पेंचमध्ये एकाच पाणवठ्यावर दोन चितळ नर दिसले. एकाची शिंगं कडक, दुसऱ्याची मखमलीत. अमेरिकेतल्या हरणांची शिंगं म्हणे ठरलेल्या महिन्यात येतात-जातात. मग आपल्याकडे असं का?

उत्तर: दिवसाच्या लांबीमुळे. नागपूरला वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत अडीच तासांचा फरक असतो. अलास्कातल्या अँकरेजला तोच फरक चौदा तासांच्या घरात जातो. हरणाच्या मेंदूतली पिनिअल ग्रंथी रात्रीची लांबी मोजून त्या मानानं मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडते, आणि त्यावरून टेस्टोस्टेरॉन कधी चढायचं, कधी उतरायचं हे ठरतं. उत्तरेत हा हिशेब चुकून चालत नाही. पाडस उशिरा जन्मलं तर पहिल्याच बर्फात जातं. म्हणून तिथं माज, जन्म, शिंगं सगळं तारखेबरहुकूम.

चितळाला अशी सक्ती नाही. त्याचं शिंगांचं चक्र वर्षभराचंच, पण सुरुवात ज्याची त्याची. मध्य भारतात उन्हाळ्यात माजावरचे, कडक शिंगांचे नर जास्त दिसतात, तरी मखमलीतला एखादा सोबत असतोच. गंमत म्हणजे चितळानं ही सवय परदेशातही सोडलेली नाही. १९३०च्या दशकात चितळ टेक्सासमध्ये नेऊन सोडले. आज तिथं जूनमध्ये एकाच माळावर पांढऱ्या शेपटीचे झाडून सगळे नर मखमलीत असतात आणि चितळांत मात्र दोन्ही प्रकार.

सांबराची शिस्त चितळापेक्षा बरी. बहुतेक नर मार्च-एप्रिलमध्ये शिंगं टाकतात, पावसाळाभर मखमलीत असतात आणि हिवाळ्यात कडक शिंगांनिशी दिसतात. भेकर मे-जूनमध्ये टाकतं.

उजेडाचा हा परिणाम अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ रिचर्ड गॉस यांनी पूर्व आशियातल्या सिका हरणांवर तपासला. बंद जागेत दिव्यांच्या मदतीनं त्यांनी वर्षभराचा लहान-मोठ्या दिवसांचा फेरा सहा महिन्यांत, मग चार, मग तीन महिन्यांत बसवला. हरणांनी वर्षातून दोनदा, तीनदा, चारदा शिंगं बदलली. कायम बारा तास उजेड आणि बारा तास अंधार ठेवला, तेव्हा शिंगं बदलणं अडलं. प्रयोगशाळेबाहेरचा पुरावा न्यूझीलंडमध्ये आहे: युरोपातली लाल हरणं तिथं नेली, तर त्यांचा सप्टेंबर-ऑक्टोबरचा माज मार्च-एप्रिलवर गेला.

प्रश्न (पुणे, शाळेतील शिक्षिका): फाटे मोजून वय सांगता येतं का? मुलं विचारतात.

उत्तर: नाही. बारशिंगा बारा वर्षांचा असतो असं मुलांना वाटतं, आणि मोठ्यांनाही. कान्हातल्या तरण्याताठ्या बारशिंग्याला दहा ते चौदा फाटे असतात आणि त्याचं वय त्याच्याशी जुळत नाही. चितळ आणि सांबर तर एकेका शिंगावर तीन फाट्यांशी थांबतात, मग वय पाच असो वा दहा. दुसऱ्या टोकाला, सकस रानातल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पहिल्याच वर्षी सहा-आठ फाटे येऊ शकतात आणि त्याच वयाच्या, खडकाळ रानातल्या नराला दोन काट्या. म्हातारपणी तर फाटे कमी होतात.

वयाचा अंदाज घ्यायचा तर शिंगाकडे नंतर बघा, अंगाकडे आधी. पहिल्या शिंगांचा नर पायांनी उंच वाटतो, मान बारीक, पोट आत. माजाच्या दिवसांतही मान सुजत नाही. जोडीचा विस्तार बहुधा कानांच्या आतच. मोठ्यांच्या शिंगाला मुळाशी असतं ते खरबरीत कडंही लाल हरणाच्या पहिल्या शिंगाला नसतं. ते दुसऱ्या वर्षापासून येतं. आणि वर्षागणिक खुंट बुटका आणि जाड होत जातो.

नेमकं वय दातांवरून कळतं. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या खालच्या जबड्यातली तिसरी दाढ दुधाची असेपर्यंत तिला तीन उंचवटे असतात. साधारण दीड वर्षाच्या सुमारास ती पडून दोन उंचवट्यांची कायमची दाढ येते. मोठ्या जनावराचा पुढचा दात कापून त्यातली वर्षागणिक बसलेली वलयं मोजतात.

प्रश्न (ह्यूस्टन, टेक्सास): आमच्या ओळखीच्यांचं रान आहे. ते म्हणतात, पहिल्या वर्षी काटी आली तो नर खराब बीजाचा, तो काढून टाकायचा. खरंच असं असतं का? आणि ते शिंगांसाठी मका आणि खनिजांच्या विटा ठेवतात, त्याचा उपयोग होतो का?

उत्तर: ‘एकदा काटी, कायमची काटी’ हा टेक्सासमधला जुना वाद आहे, आणि दोन्ही बाजूंकडे पुरावा आहे. केर वन्यजीव क्षेत्रात १९७४पासून कुंपणातल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर प्रयोग झाले. तिथं पहिल्या वर्षी काटी आलेले नर पुढेही सरासरीनं मागेच राहिले आणि तो गुण काही प्रमाणात संततीत उतरलेला दिसला. काटीवाले मारा, हा सल्ला तिथून पसरला.

पुढे दक्षिण टेक्सासमध्ये मोकळ्या रानातले नर लहानपणी पकडून, खुणा करून सोडले आणि वर्षानुवर्षं पुन्हा पकडून मोजले. साडेचार वर्षांच्या वयाला काटीवाले आणि फाटेवाले यांच्यातला फरक जवळपास पुसला गेला होता.

आमच्या मते यात विरोध नाही. कुंपणात सगळ्यांना एकच खाणं मिळतं, म्हणून उरतो तो फरक रक्ताचा. मोकळ्या रानात काटी येण्याची कारणं बहुतेक वेळा रक्ताबाहेरची असतात. पाडस महिना-दोन महिने उशिरा जन्मलेलं असतं, आई पहिलटकरीण असते, वर्ष दुष्काळाचं असतं, किंवा रानात माद्या इतक्या झालेल्या असतात की कुणालाच धड चारा उरत नाही. अशा रानात काटीवाले वेचून मारणं म्हणजे उशिरा पेरलेलं पीक कमी वाढलं म्हणून बियाणं बदनाम करणं. पहिलं शिंग तुम्हाला त्या नराचं गेलं वर्ष सांगतं. निवड करायचीच असेल तर तीन वर्षांचा होऊ द्या, मग करा.

टेक्सासमधल्या पुष्कळ जिल्ह्यांचा नियमही लक्षात घ्या: नराचं निदान एक शिंग बिनफाट्याचं हवं, नाहीतर दोन शिंगांमधलं आतलं अंतर १३ इंच, म्हणजे ३३ सेंटिमीटर हवं. दुरून हे अंतर कानांवरून जोखतात. सावध उभ्या हरणाच्या दोन कानांच्या टोकांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं. म्हणजे शिंगं कानांच्या बाहेर गेलेली दिसली पाहिजेत. हरणाचे कान मागे पडलेले असताना हा अंदाज हमखास चुकतो.

आता मक्याचं. वाढतं शिंग, पाणी वगळलं तर, बहुतांशी प्रथिन असतं. कोवळ्या नराच्या खाण्यात प्रथिन १६ टक्क्यांच्या आसपास लागतं आणि मक्यात असतं आठ-नऊ टक्के. बाकी पिठूळ ऊर्जा. मक्यानं हिवाळ्यात चरबी धरते, शिंग नाही. सवय नसलेल्या हरणानं एकदम पोटभर मका खाल्ला तर पोटात आम्ल वाढून ते दगावतं. आपल्याकडे धान्याच्या पोत्यात तोंड घातलेल्या शेळीचं होतं तेच.

खनिजांची वीट चाटायला हरणं येतात ती बहुधा मिठासाठी. शिंग कडक होताना लागणारा चुना हरीण एका उन्हाळ्यात खाण्यातून गोळा करू शकत नाही. ते तो स्वतःच्या हाडांतून, मुख्यतः बरगड्यांतून उसना घेतं आणि पुढे भरून काढतं. त्या काळात बरगड्या खरोखर ठिसूळ होतात. त्यामुळे उन्हाळ्यातल्या विटेपेक्षा वर्षभराचा चारा महत्त्वाचा. तेवढेच पैसे आणि श्रम रुंद पानांच्या रानवनस्पती वाढू देण्यात घातले, आणि माद्यांची संख्या आटोक्यात ठेवली, तर दोन-तीन वर्षांत शिंगांत फरक दिसतो.

आणखी एक धोका. एका जागी खायला घातलं की हरणं तोंडाला तोंड लावून गोळा होतात. मेंदू पोखरणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग’ नावाचा रोग १९६७ साली कोलोरॅडोत प्रथम दिसला, टेक्सासमध्ये तो २०१२ साली सापडला. लाळ, मूत्र आणि दूषित माती यांतून तो पसरतो आणि त्यावर इलाज नाही. ओळखीच्यांना हे जरूर सांगा.

प्रश्न (सांगली, इयत्ता सातवी): आमच्या म्हशीचं शिंग का गळत नाही?

उत्तर: कारण ते वेगळ्या वस्तूचं आहे. म्हशीच्या शिंगात आत हाडाचा गाभा असतो आणि बाहेर नखाच्या जातीचं टोपण. ते मुळाकडून वाढतं, जन्मभर टिकतं आणि त्याला फाटे फुटत नाहीत. गाय, शेळी, काळवीट, चौसिंगा, रोही यांचंही तसंच. चितळ, सांबर, एल्क, मूस यांचं शिंग आरपार हाड असतं, टोकाकडून वाढतं आणि दरवर्षी पडतं. हरणांत मादीला शिंगं येतात ती फक्त रेनडिअरमध्ये. तिथले मोठे नर हिवाळ्याच्या सुरुवातीला शिंगं टाकतात आणि गाभण माद्या वसंतापर्यंत ठेवतात.

प्रश्न (अँकरेज, अलास्का): इथल्या शिकारीच्या नियमांत मूसच्या नरासाठी ‘काटी, दुफाटा किंवा पन्नास इंच’ असं लिहिलेलं असतं. शेजारी बरोबर चल म्हणतात. मी बंदूक उचलणार नाही, पण नियम समजून घ्यायचा आहे.

उत्तर: हा नियम १९८७ साली केनाई द्वीपकल्पात आला. मतलब असा, की पहिल्या शिंगांचे काही नर आणि अगदी मोठे नर मारू द्यायचे, मधल्या वयाचे राखायचे. मूसचा नर आठ-बारा वर्षांचा होईपर्यंत शिंगं वाढवत असतो. मधल्या फळीतले नर संपले तर माद्यांना जोडीदार म्हणून पोरंटोरंच उरतात.

मूसचे खुंट कपाळावरून आडवे, बाजूला निघतात, एल्कसारखे वर नाही. सव्वा वर्षाच्या नराला कानांच्या वर वितीएवढी काटी येते किंवा गलोलीच्या बेचक्यासारखा दुफाटा. चपटा, सुपासारखा पसरट भाग मोठ्या नराचा. पण चांगल्या चाऱ्याच्या खोऱ्यात पहिल्याच वर्षी तळहाताएवढं सूप आणि तीन-चार टोकं आलेले नर असतात. ते नियमात बसत नाहीत आणि वाचतात, हे नियम करणाऱ्यांना हवंच आहे.

चुका होतात त्या मोजण्यात. काटी किंवा दुफाटा एका बाजूला असला तरी पुरतो, दुसरीकडे काहीही असो. टोक धरायचं ते निदान एक इंच लांब असलेलं, आणि रुंदीपेक्षा लांबी जास्त असलेलं. नुसता उंचवटा टोक नव्हे. पन्नास इंच, म्हणजे १२७ सेंटिमीटर, हा विस्तार शिंगांच्या सर्वांत बाहेरच्या दोन बिंदूंमधला, सरळ रेषेत, कवटीच्या मध्यरेषेला काटकोनात मोजतात. तिरकी पट्टी धरली की आकडा फुगतो. पन्नास इंच भरत नसले आणि कपाळाजवळचे पुढचे फाटे एका बाजूला तीन किंवा चार असले, तरी काही विभागांत चालतं. तीन की चार, हे विभागागणिक बदलतं, आणि काही ठिकाणी दुफाटा वगळून फक्त काटीच धरतात, तेव्हा त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक आणि त्या विभागाचं पान पाहिल्याशिवाय निघू नये. नर डोकं खाली घालून चरत असताना विस्तार नेहमी जास्त वाटतो. तो मान वर करून समोर बघेपर्यंत थांबायला शेजाऱ्यांना सांगा.

एक घोळ निस्तरतो: युरोपात इंग्रजीतून ‘एल्क’ म्हणतात ते हेच मूस. अमेरिकेतला एल्क म्हणजे वापिटी, आपल्या काश्मीरच्या दाचीगाममधल्या हंगुलाचा नातलग.

प्रश्न (नाशिक): माझा भाचा एडमंटनला असतो. त्याच्या घरामागे एक तरुण हरीण येतं. त्याचं डावं शिंग सरळ आहे, उजवं खाली लोंबल्यासारखं वाकलं आहे. पुढच्या वर्षी नीट येईल का?

उत्तर: कशानं वाकलं त्यावर आहे. मखमलीतलं शिंग भरल्या वांग्यासारखं मऊ असतं. तारेवर, फांदीवर, गाडीवर आपटलं तर मुडपतं आणि तसंच कडक होतं. तेवढंच असेल तर शिंग गळेल आणि नवं बहुधा सरळ येईल. बहुधा अशासाठी म्हटलं, की वाढीच्या दिवसांत जबर जखम झालेल्या जागी पुढच्या वर्षीही जादा फाटा फुटल्याची उदाहरणं लाल हरीण आणि एल्कमध्ये नोंदली आहेत. शिंग गळून गेलेलं असतं, तरी जखमेची आठवण राहते.

दुखापत खुंटाला किंवा कवटीला असेल तर दोष जन्मभराचा. शिंग मुळापासूनच वेडंवाकडं किंवा दोन बुंध्यांचं येत असेल, तर खुंटाचा संशय घ्यावा.

भाच्याला त्या हरणाचे मागचे पाय बघायला सांगा. मागचा डावा पाय दुखावलेला असेल तर उजवं शिंग बिघडतं, मागचा उजवा असेल तर डावं. पाय लंगडा राहिला तर हे वर्षानुवर्षं चालतं.

चौथी शक्यता दोन्ही शिंगांची असते, एकाची नव्हे: सप्टेंबर उलटला, हिवाळा आला, तरी मखमल तशीच आणि शिंगावर गाठींचे घोस, निवडुंगासारखे. असा नर अंडकोषाला इजा किंवा आजार झालेला असतो. टेस्टोस्टेरॉन नसलं की शिंग पुरतं कडक होत नाही, मखमल निघत नाही आणि शिंग गळतही नाही. थंडीत टोकं गोठून तुटतात, पुढच्या उन्हाळ्यात उरलेल्यावरच नव्या गाठी चढतात. कडक शिंगांच्या काळात नर खच्ची झाला तर उलटं होतं: काही आठवड्यांत शिंगं गळतात, नवी येतात, ती कायमची मखमलीत राहतात. खुंट येण्याआधीच झाला तर शिंगं येतच नाहीत.

प्रश्न (ठाणे): मखमल सोलली जाते तेव्हा रक्तानं माखलेले फोटो दिसतात. दुखत असेल ना?

उत्तर: नाही, सोलली जाते तोपर्यंत मखमल मेलेली असते. मखमलीत शिंग वाढत असताना त्याला स्पर्श पुरता कळतो. चेहऱ्याच्या नसेच्या शाखा शिंगाबरोबर वाढत टोकापर्यंत गेलेल्या असतात, आणि त्या दिवसांत नर झाडीतून डोकं सांभाळून चालतो. ऑगस्टमध्ये टेस्टोस्टेरॉन चढलं की हाड भरून येतं, रक्त तुटतं, मखमल मरते. मग नर झुडपांवर शिंगं घासतो. बहुतेकदा दिवसभरात काम संपतं, लोंबणाऱ्या चिंध्या तो खाऊनही टाकतो. फोटोत दिसतं ते मेलेल्या कातडीत अडकलेलं रक्त. झाडाच्या सालीचा रस लागून शिंगं पुढे तपकिरी होतात.

प्रश्न (सॅन होजे, कॅलिफोर्निया): मे महिन्यात यलोस्टोनला जाणार आहोत. गळालेलं शिंग सापडलं तर घेऊन येऊ का? भारतात नेता येईल? गावच्या वाड्यात आजोबांच्या काळातलं सांबराचं डोकं आहे, म्हणून विचारतो.

उत्तर: यलोस्टोनमधून नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत शिंग उचलणं गुन्हा आहे. फोटो काढा आणि तिथंच ठेवा. उद्यानाबाहेरच्या सरकारी जमिनींवर राज्यागणिक नियम आहेत. वायोमिंगच्या पश्चिम भागात १ जानेवारी ते ३० एप्रिल बंदी असते, आणि १ मे उजाडल्यावर बाहेरच्या राज्यांतल्यांना आणखी आठवडाभर थांबावं लागतं. कोलोरॅडोत आंतरराज्य महामार्ग २५च्या पश्चिमेला सार्वजनिक जमिनीवर ३० एप्रिलपर्यंत बंदी. कारण साधं आहे. हिवाळ्याच्या शेवटी जनावरांच्या अंगात काही उरलेलं नसतं, त्या वेळी माणसांनी शिंगांसाठी रान तुडवलं की ती पळतात आणि त्या पळण्यातच संपतात.

विकत घेणं सोपं. यलोस्टोनच्या दक्षिणेला जॅक्सन गावात मे महिन्यात चौकात शिंगांचा लिलाव होतो. शेजारच्या राष्ट्रीय एल्क आश्रयस्थानातली गळालेली शिंगं बालवीर परवान्यानं गोळा करतात आणि १९६८पासून तिथं विकतात. पैशाचा मोठा वाटा आश्रयस्थानालाच जातो. चौकाच्या चारही कोपऱ्यांवर एल्कच्या शिंगांच्या कमानी आहेत. काटीवाल्यांची शिंगं त्या लिलावात उशिरा येतात म्हणा किंवा येतच नाहीत म्हणा, कारण मोठे नर मार्चमध्ये शिंगं टाकतात, तर कोवळे एप्रिल-मेपर्यंत मिरवतात. मूसमध्ये हा फरक आणखी मोठा: म्हातारे नर डिसेंबर-जानेवारीतच मोकळे होतात, पोरं वसंत येईपर्यंत शिंगं वागवतात.

भारतात मात्र काही आणायचं धाडस करू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात इथल्या रानात गळून पडलेलं शिंगही ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत येतं, ते उचलता, ठेवता किंवा विकता येत नाही. जंगलात ते वायाही जात नाही. साळिंदर आणि उंदीर ते चुन्यासाठी कुरतडतात, कुरतडलेल्या जागी दातांचे समांतर चरे स्पष्ट दिसतात. वाड्यातल्या सांबराच्या डोक्याला मालकीचं प्रमाणपत्र लागतं. जाहीर न केलेल्या वस्तू नोंदवण्यासाठी २००३ साली १८० दिवसांची मुदत दिली होती. घरच्या जुन्या कागदांत ते प्रमाणपत्र आहे का, हे आधी शोधा. सापडलं नाही तर डोकं कुणाला देऊ-विकू नका आणि वन विभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घ्या.